रूडांच्या तळ्यातला पंप

२७ ऑक्टोबर १९८६

सिगवार्ड,

'प्रिय' लिहिलं होतं. मग खोडलं. खाडाखोड दिसायला नको म्हणून कागद बदलला. तुझा मान म्हणून एवढंच.

मंगळवारी तुझी माणसं आली. चौघं जण, एक ट्रक आणि मागे टाकीवाली गाडी. मी गोठ्यात होते. एकानं दारातून डोकं आत घालून सांगितलं, "बाई, तुमच्या खांबावरून वीज ओढतोय हां. मालकांनी सांगितलंय."

"कुठले मालक?"

"तळ्याचे."

अठ्ठावन्न वर्षं मी या तळ्याच्या काठावर राहतेय आणि तळ्याचे मालक कोण हे मला एक परका पोरगा सांगतो! बाबांनी मृत्युपत्रात तळं मधोमध कापलं हे मला ठाऊक आहे. गावाकडचा काठ माझा, पूर्वेकडचा तुझा. पाणी कसं कापायचं ते मात्र लिहायचं ते विसरले. तू एकोणिसाव्या वर्षी इथून गेलास तो वाटण्यांच्या दिवशीच परत आलास. आता तिकडे शहरात बसून उंटावरून शेळ्या हाकतोयस.

तुझ्या काठाशी पंप बसला. मग टाकीची गाडी मागे घेऊन चारशे ट्राउट तळ्यात ओतले. तुझ्या जर्मन पाहुण्यांना गळ टाकून बसायला! वर पेपरात फोटो, नवी टोपी घालून, आणि खाली तुझं वाक्य: "मेलेलं पाणी मी जिवंत करतोय."

मेलेलं? बाबा रे, लहानपणी तू त्याच पाण्यातले रूडा मासे खाऊन वाढलास. रूडा आवडत नाहीत, काटे फार असतात म्हणून रडायचास आणि मी निवडून द्यायचे.

पाण्यात हवा नाही म्हणून ते मेलेलं, असं तुझं शहाणपण. हिवाळ्यात बर्फ धरतो, त्यावर बर्फ पडतो, आणि जानेवारी ते एप्रिल खालच्या पाण्यात श्वास घेण्यासारखं काही उरत नाही, हे खरं आहे. त्या हवेवाचून रूडा तीन-चार महिने जगते. दरवर्षी सप्टेंबरात दोन बादल्या घेऊन रूडा न्यायला येणाऱ्या विद्यापीठातल्या मार्टाबाईंनी हे आम्हाला आमच्याच स्वयंपाकघरात बसून समजावून सांगितलंय. उन्हाळाभर रूडा खाऊन खाऊन यकृतात साखरेचा साठा करते. हवा संपली की तोच साठा अर्धामुर्धा जाळून दिवस काढते. अर्धवट जळालं की आंबट राहतं. आपण जीव तोडून धावलो की पोटऱ्या पेटतात ना, ते तेच. तुझ्यामाझ्यात ते साचलं तर माणूस मरतो. रूडा त्याची दारू करते आणि कल्ल्यातून पाण्यात सोडून देते.

हे ऐकून तुझा दाजी एवर्ट कॉफी सांडेपर्यंत हसला. म्हणाला, "बाई, एवढं माझ्या आईच्या कानावर जाऊ देऊ नका. साठ वर्षं दारूबंदी मंडळात आहे ती, आणि जन्मभर हेच मासे खात आलीय."

या तळ्यात दुसरा कुठलाही मासा हिवाळा काढू शकत नाही, म्हणून तर रूडा इथे निर्धास्त आहेत. सदुसष्टच्या पुरात रूडा खाणारे पाइक मासे आले होते, तू इथे नव्हतास. बर्फ फुटला तेव्हा सगळे उताणे. आता तू हवा सोडणार, तुझे ट्राउट जगणार आणि वसंतात रूडांची पिल्लं मटकावणार. याला तू जिवंत करणं म्हणतोस.

आणि आमचा रस्ता? आमचं रान उत्तरेच्या टोकाला आहे आणि दोन्ही बाजूंनी दलदल. ते लाकूड फक्त बर्फावरूनच घरी येतं, आजोबांपासून. आमच्या धक्क्यापासून सरळ, मधल्या खोल पाण्यावरून. खालचं पाणी हललं की बर्फ पातळ राहतो हे शाळेतल्या पोरालाही कळतं. मी चिडले, तर एवर्टच मला म्हणतो, "जरा दमानं घे, गुनवोर. बर्फाला भगदाड पडेल ते त्याच्या काठाशी. आपला रस्ता दोनशे पावलं लांब. तुझा भाऊ आहे तो." हा माणूस जन्मात कुणावर रागावला नाही. त्याच्या वाट्याचा रागही मलाच करावा लागतो.

बर्फ धरायच्या आत पंप बंद कर. फोन करू नकोस, तुझा आवाज आला की मी ठेवून देते. पत्रंही नकोत. उन्हाळ्यात तू लिहिलं होतंस, "ताई, पोरंबाळं नसलेल्या तुम्हा दोघांना तळ्याचा उपयोग तरी काय?" त्या दिवसापासून ठरवलंय, तुझं पाकीट फोडायचं नाही. बोलायचं असेल तर समोर ये. चाळीस मिनिटांचा तर रस्ता आहे.

गुनवोर


३ डिसेंबर १९८६

सिगवार्ड,

तू आला नाहीस. पंप चालू आहे. दिवसभर घुर्र करतो, आणि गाईंचं दूध कमी झालंय. एवर्ट म्हणतो, दूध थंडीनं कमी झालं. असेल. मी तुझ्यावरच घालणार.

तळ्यावर शुक्रवारी बर्फ धरला. तुझ्या काठाशी तेवढं काळं भगदाड उघडं आहे, ओसरीएवढं, आणि त्याच्या कडेला बदकं बसलेली असतात.

एक विचारायचंय. नऊ नोव्हेंबरला आम्ही एवर्टच्या आईच्या नव्वदीला गेलो होतो. रात्रीचे तिथेच राहिलो. तेवढ्यात तुझी माणसं पुन्हा येऊन गेली. शेजारच्या होल्गेरनं पाहिलं. "काळे पाइप होते लांबलचक," म्हणाला, "होडीत घालून नेत होते. मला वाटलं तुम्हाला माहीतच असेल." काय केलं त्यांनी? एवर्टनं काठावरून फिरून पाहिलं, त्याला काही वेगळं दिसलं नाही. पण मी घरात नाही हे बघून माणसं पाठवायची ही तुझी जुनी खोड. लहानपणी मुरंब्याची बरणीही तू अशीच संपवायचास.

नाताळला काही पाठवू नकोस. अनेलीला सांग, तिच्याशी माझं भांडण नाही. तिच्या नशिबी तू आलास, हा तिचा दोष नव्हे.

गुनवोर


१९ जानेवारी १९८७

सिगवार्ड,

हॉस्पिटलच्या पायऱ्यांशेजारच्या बाकावर बसून लिहितेय. 

गेल्या मंगळवारी क्नुटचा दिवस होता. नाताळचं झाड त्या दिवशी घराबाहेर टाकतात. आपल्याकडे ते टाकत नाहीत. बर्फावरच्या रस्त्याच्या तोंडाशी रोवतात, आणि तिथून पुढे वीस-वीस पावलांवर स्प्रूसची एकेक फांदी रोवत जातात, म्हणजे धुक्यातही ट्रॅक्टर वाट सोडत नाही. हे तुला सांगावं लागतंय याचीच मला लाज वाटते. बाबांच्या मागे फांद्यांचा भारा घेऊन तूच चालायचास.

आठवडाभर उणे पंचवीसच्या खाली होतं. एवर्टनं नेहमीसारखं धक्क्यापाशी भोक पाडून बर्फ मोजला. दोन वीत भरला. "हत्ती जाईल," म्हणाला. फांद्या पाठीला बांधल्या आणि निघाला. मी खिडकीत भांडी पुसत होते. सातवी फांदी रोवली, आठवी रोवली. नवव्या फांदीला तो खाली वाकला आणि दिसेनासा झाला.

आवाजसुद्धा आला नाही, सिगवार्ड.

मी शिडी ओढत धावले. होल्गेर त्याच्या अंगणातून दोर आणि लांब आकडी घेऊन धावला. मी शिडीवर पालथी पडून हात घातला तर बर्फ माझ्या बोटांएवढा जाड! धक्क्याशी दोन वीत आणि तिथे चार बोटं, वर भुसभुशीत बर्फाची चादर. तो बर्फाखाली सरकला होता. होल्गेरनं आकडीनं त्याचा कोट धरला. तोवर अकरा मिनिटं गेली होती. होल्गेरच्या बायकोनं घड्याळ पाहिलं होतं म्हणून आकडा माहीत आहे, नाहीतर मी वर्षभर म्हणाले असते.

त्याचं काळीज चालू झालं. थंडीनं वाचवलं म्हणतात, गार पडलेल्या शरीराला हवा कमी लागते. काल त्यानं डोळे उघडले. माझ्याकडे पाहून म्हणाला, "बाई, आमच्या गुनवोरला निरोप द्याल का?"

होल्गेर दुसऱ्या दिवशी तुझ्या पंपापाशी जाऊन आला. काळा पाइप तिथून निघून तळ्याच्या पोटात जातो, थेट मधल्या खोल पाण्यापर्यंत. वर बुडबुडा नाही, भगदाड नाही. हवा मिसळलेलं पाणी तिथे गुपचूप सोडलेलं आणि बर्फ खालून खाल्लेला. बरोबर आमच्या रस्त्याखाली.

तू एका शब्दानं सांगितलं नाहीस. चारशे माशांना श्वास मिळावा म्हणून तू माझ्या माणसाचा श्वास काढून घेतलास. माशांना टाकीची गाडी, पंप, पाइप, आणि दाजींना चार ओळींचा निरोप नाही! तू बाबांचा मुलगा आहेस याची मला शिसारी येते.

गुनवोर


८ फेब्रुवारी १९८७

सिगवार्ड,

पंप बंद का पडला म्हणून तुझी माणसं विचारत आली होती. मी बंद पाडला. गोठ्यावरून जाणारी तुझी वायर कुऱ्हाडीनं तोडली. आधी खटका ओढला, मग तोडली. मी रागावलेय, वेडी झालेली नाही. होल्गेर म्हणाला, "वहिनी, मासे मरतील." म्हटलं, मरू देत. त्यांना कुणी विचारलं होतं?

आणि तू अनेलीकडून निरोप पाठवतोस की हे 'नुकसान' आहे! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

अनेली आणखीही काही म्हणाली. फोनवर रडत होती. "ताई, यांनी लिहिलं होतं तुम्हाला. नोव्हेंबरात. माझ्यासमोर पाकिटाला तिकीट लावलं." कुठलंही पत्र आलेलं नाही. टपालवाला बदलला आहे, नवा पोरगा आहे, कुठे टाकलं असेल कोण जाणे. किंवा तू लिहिलंच नसशील आणि बायकोपुढे नाक वर करून फिरत असशील. मला त्यावर बोलायचं नाही.

एवर्टला घरी आणलं. तो चालतो, जेवतो, गाईंना नावानं हाक मारतो. मला आता ओळखतो. पण बुटाची नाडी बांधायला बसला की दोन टोकं हातात धरून बसून राहतो. नवं काही त्याच्या डोक्यात दहा मिनिटांच्या वर राहत नाही. रोज सकाळी विचारतो, "मला काय झालं होतं गं?" मी सांगते, "सिगवार्डचा पंप." तो म्हणतो, "असं होय," आणि तासाभरानं पुन्हा विचारतो.

मार्टाबाई भेटायला आल्या होत्या. मी त्यांच्यावरही ओरडले. वीस वर्षं माझ्या तळ्यातले मासे नेताय, म्हटलं, तीन महिने हवेवाचून जगणारं डोकं तुमच्या बादलीत असतं, आणि अकरा मिनिटांचा उपाय तुमच्याकडे नाही? त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "गुनवोर, रूडा हवा संपली की आपली वात बारीक करते. नजर मंद करते, ऐकणं कमी करते, जेमतेम जिवंत राहण्यापुरतं जाळते. आपल्या मेंदूला ते येत नाही. हवा असो नसो, तो पूर्ण जाळ मागत राहतो. शिल्लक दोन-चार मिनिटांची. मग आंबतो." रूडांचा गुण माणसात आणता येईल का, हेच शोधतोय, म्हणाल्या, पण माझ्या हयातीत नाही व्हायचं. मी दार उघडून उभी राहिले. त्या गेल्या. बादल्या आमच्याच ओसरीत राहिल्या.

तू अजूनही आला नाहीस. दाजींना तोंड दाखव. माझ्याशी एक शब्द बोलू नकोस, पण त्याच्या समोर बस आणि त्याला नाडी बांधताना बघ.

गुनवोर


२६ एप्रिल १९८७

सिगवार्ड,

बर्फ गुरुवारी फुटला. तुझे ट्राउट पांढरी पोटं वर करून काठाला लागलेत. परवा दिवसभर दाताळ्यानं ओढत होते, हातगाडी भरून भरून खड्ड्यात टाकले. हवेवाचून महिनाभरही टिकले नसतील. काल ऊन पडलं तशा वाळलेल्या गवतापाशी रूडा वर आल्या. रोडावलेल्या, सुस्त, पण सगळ्या हलत होत्या. मी जिंकले असं मला वाटायला हवं होतं. काठावर बसून मी शिव्या दिल्या. तुला, पंपाला, त्या माशांनासुद्धा. एवढं सोपं आहे ते, तर एवर्टला का नाही?

आता खरं लिहिते. तीनदा लिहायला बसले आणि तीनदा भांडी घासायला उठले.

तुझं पत्र आलं होतं. चौदा नोव्हेंबरला. तुझं अक्षर पाहिलं आणि न फोडता घड्याळाच्या मागे खोचलं. मी म्हटलं होतं ना, फोडणार नाही म्हणून, मग गाढवासारखा शब्द पाळला. एवर्ट म्हणालाही, "अगं, फोड की, भाऊ आहे." मी म्हटलं, तुझा असेल. डिसेंबरात मी तुला विचारलं, काय केलं तुझ्या माणसांनी, तेव्हा त्याचं उत्तर माझ्या डोक्यापासून हातभर अंतरावर घड्याळामागे होतं.

हॉस्पिटलमधून पहिल्यांदा घरी आले त्या दिवशी फोडलं. तुला ते सगळं लिहून मग घरी आले होते. तू तळ्याचं चित्र काढलंयस. पाइप लाल पेन्सिलीनं, आणि त्यावर आडवी फुली. "दाजींना सांग, मधून रस्ता घालू नका, खालून बर्फ पातळ राहील. या वर्षी लाकूड मी विकत घेऊन ट्रकनं पोचवतो." ट्रकनं पोचवतो! एवढं चांगलं वाक्य तू आयुष्यात दुसरं लिहिलं नाहीस आणि ते मी वाचलं नाही. आणि फेब्रुवारीत, सगळं वाचून झाल्यावर, मी अनेलीला खोटं पाडलं. टपालवाल्या पोरावर घातलं. तो रोज दारात हसून नमस्कार करतो.

यानं तू सुटलास असं समजू नकोस. मी पत्र फोडत नाही हे मीच तुला लिहून कळवलं होतं. तुला होल्गेरला फोन करता आला असता. धक्क्यावर एक पाटी ठोकता आली असती. चाळीस मिनिटं गाडी चालवून माझ्या शिव्या खाता आल्या असत्या. पण तू पाकिटाला तिकीट लावलंस आणि हात झटकलेस, कारण तुलाही माझं तोंड बघायचं नव्हतं. मी तुझ्यावर रागावलेय ते रागावलेलीच आहे. माझ्यावरचा राग त्यातून वजा होत नाही, एवढंच मला या तीन महिन्यांत कळलं.

काल सकाळी एवर्टनं विचारलं, "मला काय झालं होतं गं?" मी त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसले आणि सगळं सांगितलं. घड्याळ, पाकीट, लाल पेन्सिल. काही वगळलं नाही. तो पूर्वीसारखा, डोकं एका बाजूला करून ऐकत होता. मग त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"वेडी," म्हणाला. "तुझा राग आणि तू. जाऊ दे, माझं काही नाही. रडू नकोस. कॉफी आहे का?"

सिगवार्ड, तो पूर्वीचाच एवर्ट होता. मी ओट्याला टेकून इतकी रडले, इतकी रडले की कॉफी उतू गेली. चार महिन्यांत पहिल्यांदा मला पोटभर श्वास घेता आला. कप भरून आणला, त्याच्या हातात दिला. त्यानं दोन घोट घेतले, खिडकीतून तळ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "गुनवोर, मला काय झालं होतं गं?"

आणि मी म्हणाले, "सिगवार्डचा पंप."

तोंडातून तेच आलं. तो म्हणाला, "असं होय."

म्हणून तुला लिहितेय. त्याला सांगून काही उपयोग नाही, त्याच्यापाशी ते टिकत नाही आणि माझ्यापाशी धीर टिकत नाही. तू विसरणार नाहीस. लहानपणापासून तू माझी एकही चूक विसरलेला नाहीस. ये. त्याच्याजवळ बस. आणि त्यानं विचारलं की मी पुन्हा तुझं नाव घेईन, तेव्हा त्याच्यासमोर मला थांबव.

गुनवोर